वेळूच्या रानात दोन काड्या

चंद्रपूरहून मूलकडे निघालं की चिचपल्लीच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांबूची बेटं सुरू होतात. वैनगंगा ओलांडून गडचिरोली गाठली, पुढे धानोऱ्याकडे वळलं किंवा आलापल्लीकडे, तरी ती साथ सोडत नाहीत. या मुलखात माणसाचं आयुष्य बांबूच्या पाळण्यापासून बांबूच्या तिरडीपर्यंत जातं. मधल्या काळात सूप, टोपली, कणगी, तट्टे, कुडाची भिंत, शिडी, लाठी, मासे धरायचा सापळा, बासरी. पावसाळ्यात जमिनीतून वर येणारे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, भाजी होऊन ताटातही येतात. एका गवताकडून माणसाने इतकं काही करून घेतलं, पण त्याच्याच दोन काड्या बोटांत धरून जेवावं असं इथे कुणाला कधी वाटलं नाही.

आणि हिमालयापलीकडे, चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाममध्ये, जगातली साधारण पाचातली एक व्यक्ती रोज नेमकं हेच करते. बांबू तिथेही आहे, इथेही आहे. तांदूळ तिथेही आहे, इथेही आहे. माणसाचा हात तर सगळीकडे एकच. मग एका रानात काड्या का आल्या आणि दुसऱ्यात का आल्या नाहीत? हा प्रश्न वरवर गमतीचा वाटतो, पण त्याचा पाठलाग केला की तो भाताच्या दाण्यातल्या स्टार्चपर्यंत, पळसाच्या पानापर्यंत आणि मेंदूतल्या स्पर्शाच्या नकाशापर्यंत घेऊन जातो.

हा फरक नोंदवून ठेवला तो काड्यांनी जेवणाऱ्यांनीच. सातव्या शतकात चिनी भिक्षू ह्युएन त्संग भारतभर फिरला. इथले लोक कसे राहतात, काय नेसतात, काय खातात हे त्याने बारकाईने लिहून ठेवलं. जेवणाबद्दल त्याने लिहिलं की हे लोक सगळे पदार्थ एका भांड्यात कालवतात आणि बोटांनी खातात. चमचे आणि काड्या जवळजवळ वापरतच नाहीत. कुणी आजारी असेल तरच तांब्याचा चमचा काढतात. याच प्रवासात तो कोसल देशाच्या राजधानीत आला होता. ती राजधानी नेमकी कुठली, यावर एकोणिसाव्या शतकात बराच खल झाला. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी चांद्याचं नाव पुढे केलं, जेम्स फर्ग्युसन यांनी वैरागडचं. एक म्हणजे आजचं चंद्रपूर, दुसरं गडचिरोलीच्या आरमोरी तालुक्यातलं. आज बहुतेक अभ्यासकांचा कल छत्तीसगडातल्या सिरपूरकडे आहे. पण कोसलातून निघाल्यावर दक्षिणेला एका मोठ्या अरण्यातून सुमारे नऊशे ली (ली हे चिनी अंतरमाप) चालत आपण आंध्रला पोहोचलो, असं ह्युएन त्संग सांगतो. सिरपूर ते आंध्र अशी रेघ नकाशावर ओढली तर मधलं अरण्य म्हणजे गडचिरोलीला लागून असलेला बस्तरचाच पट्टा. काड्यांनी जेवायची सवय असलेला हा माणूस या बांबूच्या रानांच्या कडेकडेने गेला असेल, या कल्पनेनेच माझ्या अंगावर रोमांच येतात.

त्याच्यानंतर काही दशकांनी इत्सिंग आला. इ. स. ६७१ मध्ये तो चीनहून निघाला आणि नालंदेला वर्षानुवर्षं शिकला. त्याने तर चमचे आणि काड्या भिक्षूंनी वापराव्यात की नाही, यावर स्वतंत्र प्रकरणच लिहिलं. त्याचं म्हणणं असं: भारतात फक्त उजव्या हाताने जेवतात, आजाऱ्याला चमच्याची मुभा आहे, पण काड्या भारताच्या पाचही भागांत कुणी ऐकलेल्या नाहीत. विनयाच्या, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांच्या, ग्रंथांत त्यांची परवानगी नाही आणि मनाईही नाही. तेव्हा चीनमधल्या भिक्षूंनी आपल्या प्रदेशाच्या रीतीप्रमाणे त्या वापरायला हरकत नाही. धर्माच्या नियमांचा इतका काटेकोर अभ्यासक असून जेवणाच्या साधनाबद्दल त्याने किती मोकळं मन ठेवलं!

इथे आणखी एक आश्चर्य आहे. ज्या चीनमधून हे दोघे आले, त्या चीनमध्येही मुख्य अन्न पूर्वी काड्यांनी खात नसत. आन्यांगजवळच्या यिन राजधानीच्या उत्खननात काशाच्या काड्यांचे सहा जोड सापडले, साधारण इ. स. पूर्व १२०० च्या काळातले. लांबी सुमारे २६ सेंटिमीटर. पण त्या स्वयंपाकासाठी असाव्यात, उकळत्या भांड्यातला तुकडा उलटायला किंवा बाहेर काढायला, असं मानलं जातं. आचारधर्माचा जुना चिनी ग्रंथ ‘लीजी’ यात जेवणाचे नियम आहेत. त्यात म्हटलं आहे की रश्श्यात भाजीचे तुकडे असतील तर काड्या घ्याव्यात, नसतील तर घेऊ नयेत. आणि बारीक धान्याचा भात काड्यांनी खाऊ नये. एका भांड्यातून चारचौघांबरोबर भात खाताना ओले, चिकट हात घालू नयेत, असाही एक नियम आहे. ज्यांना हाताने जेवायचंच नाही त्यांना हा नियम कोण सांगेल? उत्तर चीनचं मुख्य धान्य तेव्हा राळ्यासारखं बारीक होतं. ते सुटं शिजायचं, काड्यांत धरता येत नव्हतं. म्हणून ते हाताने, पुढे चमच्याने खात, आणि काड्या फक्त रश्श्यातली भाजी शोधायला.

मग पारडं कसं फिरलं? हान राजवटीच्या काळात जात्यांचा प्रसार झाला, गहू दळला जाऊ लागला आणि पिठाच्या लांब शेवया ताटात आल्या. शेवई ही काड्यांसाठीच जन्मली असावी असं वाटतं. तिला चमचा पेलत नाही आणि गरम असताना बोटं लावता येत नाहीत. पुढे दक्षिणेकडचा तांदूळ उत्तरेत पोहोचला, आणि तो चिकट होता. भाजी-मांस बारीक चिरून मोठ्या जाळावर झटपट परतायची पद्धत सरपण वाचवण्यासाठी रुळली, असं अनेक अभ्यासक मानतात. कारण काहीही असो, कापायचं काम स्वयंपाकघरातच संपलं. ताटापर्यंत जे येतं ते आधीच घासाएवढं झालेलं असतं. तेव्हा काड्यांना फक्त उचलायचं उरतं.

आता आपल्या भाताकडे येऊ. चंद्रपूर-गडचिरोलीचा बराच भाग झाडीपट्टीत येतो, तळ्यांच्या आणि धानाच्या मुलखात. नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या लहानशा बांधीत पटेल-३ या वाणातल्या काही वेगळ्या लोंब्या हेरल्या. वर्षानुवर्षं निवड करत त्यांनी त्यातून बारीक दाण्याचं नवं वाण उभं केलं. तेव्हा सगळ्यांच्या तोंडी असलेल्या घड्याळाच्या नावावरून त्याला एचएमटी म्हणू लागले आणि तो तांदूळ विदर्भाबाहेर दूरवर पोहोचला. दादाजी ३ जून २०१८ रोजी गेले. त्यांचा तांदूळ मात्र आज घरोघरी शिजतो, आणि शिजल्यावर त्याचं मोल आपण कशावर ठरवतो? दाणा मोकळा झाला का यावर. आपल्याकडे भात ‘फडफडीत’ होणं ही सुगरणीची खूण आहे.

हा मोकळेपणा दाण्याच्या आत ठरलेला असतो. तांदळातला स्टार्च दोन प्रकारच्या रेणूंचा असतो. अमायलोज सरळ साखळीचा, अमायलोपेक्टिन फांद्याफांद्यांचा. अमायलोज जास्त असलं की शिजलेले दाणे एकमेकांपासून सुटे राहतात. कमी असलं की दाणे एकमेकांना धरून बसतात. आपले बहुतेक तांदूळ इंडिका गटातले, अमायलोज अधिक असलेले. जपान, कोरिया आणि उत्तर-पूर्व चीनचे तांदूळ जपोनिका गटातले, आखूड दाण्याचे आणि चिकट. त्यांचा भात काड्यांनी उचलला की गोळाच वर येतो. आपला भात उचलला की चार शितं काडीवर आणि बाकीची खाली. या चार शितांसाठी कुणी बांबू तासत बसणार नाही.

पण मोकळ्या भाताला आपल्या हाताने जे उत्तर शोधलं ते काड्यांइतकंच कसबाचं आहे. वरण ओतायचं, बोटांच्या टोकांनी कालवायचं, म्हणजे सुटे दाणे वरणाने एकमेकांना चिकटवायचे. चिकटपणा तिथल्या तांदळात उपजत होता, इथे आपण तो ताटातच तयार करतो. मग चार बोटं किंचित वाकवून घास गोळा करायचा, तो बोटांच्या दुसऱ्या पेराच्या पलीकडे जाऊ द्यायचा नाही, आणि तोंडाशी आल्यावर अंगठ्याच्या नखाकडच्या बाजूने पुढे सारायचा. तळवा कोरडा राहतो. हे इतक्या लहानपणी अंगवळणी पडतं की यात काही शिकण्यासारखं होतं हेच आपण विसरतो. पहिल्यांदा हाताने भात खाणाऱ्या परदेशी पाहुण्याकडे एकदा नीट पाहावं; घास तोंडाशी नेऊन तो थबकतो, कारण पुढे काय करायचं ते अंगठ्याला कुणी सांगितलेलं नसतं.

बांबू मात्र आपल्या जेवणातून गायब नव्हता. तो पत्रावळीत होता. पळसाची किंवा मोहाची पानं एकावर एक ठेवून ती बारीक काड्यांनी टाचतात, आणि बांबू जिथे हाताशी तिथे ती काडी बांबूची. पान फाटू न देता टाचायचं, टोक वर टोचायला नको, खाली रुतायला नको. हे काम पाहताना काडीचं आणि बोटांचं नातं इथेही किती मुरलेलं आहे ते कळतं. पानाचाच दोना केला की त्यात आंबील घेता येते, पातळ भाजी घेता येते आणि तो सरळ ओठांना लावता येतो.

पत्रावळ आणि दोना यांतच काड्यांच्या कोड्याचा दुसरा अर्धा भाग आहे. काड्यांचा खरा जोडीदार वाडगा. चीन-जपानमध्ये भाताचा वाडगा डाव्या हाताने उचलून हनुवटीपर्यंत आणतात. काड्यांना फक्त बोटभर अंतर पार करायचं असतं, कधी तर भात तोंडात नुसता लोटायचा असतो. पत्रावळ जमिनीवर पसरलेली असते. ती उचलून तोंडाला लावता येत नाही. मांडी घालून बसलेल्या माणसाच्या पानापासून तोंडापर्यंत हातभर अंतर असतं आणि एवढ्या प्रवासात सुटा भात काडीवर टिकणार नाही. कोरियात याच गोष्टीचा पुरावा मिळतो: तिथे वाडगा उचलणं शिष्टाचारात बसत नाही, आणि म्हणून भात चमच्याने खातात, काड्या शेजारच्या भाज्यांसाठी ठेवतात. थायलंडमध्ये भाताला चमचा आणि काटा, शेवयांना तेवढ्या काड्या. साधन निवडायचं काम जणू अन्न आणि भांडं मिळूनच करतात.

आता काड्या धरायचं कसब उलगडून पाहू. घरात दोन पेन्सिली किंवा केरसुणीच्या दोन जाड काड्या असतील तर घ्या. खालची काडी अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या बेचक्यात टेकवा आणि तिचा पुढचा भाग अनामिकेच्या शेवटच्या पेरावर ठेवा. ही काडी हलत नाही. तिला अंगठ्याच्या मुळाने हलकेच दाबून धरायचं, बस. वरची काडी लेखणी धरतो तशी अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत. सगळी हालचाल हिचीच. काड्या उघडताना मधलं बोट वर ढकलतं, मिटताना तर्जनी खाली दाबते. नवशिका दोन्ही काड्या हलवायला जातो आणि टोकं एकमेकांना ओलांडून कैचीसारखी तिरकी होतात. एक काडी स्थिर ठेवली की मेंदूला एकाच टोकाचा हिशेब ठेवावा लागतो, आणि अर्धं काम तिथेच होतं.

वरची काडी ही तरफ आहे. टेकू अंगठ्यापाशी, जोर बोटांचा, आणि भार पार टोकाशी. टेकूपासून जोर जवळ आणि भार लांब असल्यामुळे बोटांची छोटी हालचाल टोकाशी कितीतरी मोठी होते, आणि त्याच प्रमाणात जोर मात्र कमी होतो. म्हणजे काड्या हे ताकदीचं साधन नाहीच. त्यांनी कठीण काही तोडता येत नाही, त्यात खुपसता येत नाही. त्यांच्यामुळे बोटांचा जोर मवाळ होतो आणि नेमकेपणा वाढतो, आणि म्हणूनच मऊ अन्न न चिरडता उचललं जातं. शिजलेला वाटाणा किंवा भिजवलेला शेंगदाणा उचलताना तो टुणकन उडतो, त्यालाही कारण आहे. दोन काड्या टोकाशी रुंद कोन करून भिडल्या की त्या दाण्याला दाबण्याबरोबर पुढेही ढकलतात. घर्षणाच्या मर्यादेपलीकडे हा धक्का गेला की दाणा निसटतो. काड्या शक्य तितक्या समांतर ठेवल्या, हात थोडा मागे घेऊन धरलं आणि दाब अगदी बेताचा दिला, की तोच दाणा मुकाट्याने वर येतो. घाबरून जास्त दाबणारा माणूस जास्त चुकतो.

काड्यांचे आकारही अन्नाने घडवले. चिनी काड्या साधारण २५ सेंटिमीटर, लांब आणि टोकाला बोथट. मधोमध ठेवलेल्या सामायिक ताटल्यांपर्यंत पोहोचायचं असतं. जपानी काड्या आखूड आणि निमुळत्या. माशाचा काटा वेगळा करायला टोक बारीक हवं. कोरियन काड्या धातूच्या, चपट्या आणि गुळगुळीत. त्यांवरची पकड सर्वांत अवघड, आणि तिथली मुलं त्यांच्यावरच शिकतात.

पण मला सर्वांत थक्क करते ती काडीच्या टोकाशी जाणवणारी गोष्ट. काडी बांबूची, तिला नस नाही, तरी तिचं टोक बटाट्यात शिरलं की तो शिजलाय की कच्चा आहे हे हाताला कळतं. बोटांच्या कातडीखाली स्पर्शाचे निरनिराळे ग्राहक असतात. त्यांतले पॅसिनी नावाचे ग्राहक अतिसूक्ष्म कंपनं टिपतात. काडीचं टोक कशाला लागलं की त्या वस्तूच्या कठीण-मऊपणाप्रमाणे काडीभर वेगळी थरथर धावते, आणि मेंदू ती थरथर वाचून टोकाशी काय घडलं ते ओळखतो. १९९६ मध्ये जपानमध्ये अत्सुशी इरिकी आणि सहकाऱ्यांनी माकडांना लहानशा दाताळ्याने खाऊ ओढून घ्यायला शिकवलं. सराव झाल्यावर दिसलं की हाताभोवतालची जागा ओळखणाऱ्या मेंदूतल्या पेशी आता दाताळ्याच्या टोकापर्यंतच्या जागेलाही दाद देत होत्या. २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये ल्यूक मिलर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला: हातातल्या काठीला नेमकं कुठे काही लागलं हे माणसं न पाहता अचूक सांगू शकतात, जवळजवळ आपल्या दंडावरचा स्पर्श सांगावा तितकं. साधन हातात रुळलं की मेंदू शरीराची हद्द थोडी पुढे सरकवतो.

हे जाणून घेऊन मूलच्या किंवा कुरखेड्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एखाद्या बुरडाला बांबू फोडताना पाहावं. कोयत्याची धार पेरात शिरते, मनगटाला हिसका बसतो आणि चीर आपोआप पुढे धावते. ती एका बाजूला कलायला लागली की तो जाड राहिलेल्या बाजूला थोडा अधिक बाक देतो आणि चीर पुन्हा मधोमध येते. त्याची नजर बऱ्याचदा दुसरीकडेच असते. चीर कुठे पोहोचली हे त्याला कोयत्यातून कळतं. काड्यांनी माशाचा काटा काढणारी जपानी आजी आणि कमची काढणारा आपला बुरूड यांच्या मेंदूत या क्षणी काय चाललं असेल याचा विचार केला, तर दोघांमधलं अंतर फारच थोडं उरतं.

बांबू असा सरळ फाटतो, कारण त्याच्या पेरात सगळे तंतू उभे, एकमेकांना समांतर असतात. झाडाच्या लाकडात आडवे किरण असतात, बांबूच्या पेरात तसलं काहीच नाही. आडवी गुंफण फक्त गाठीत. शिवाय तंतू बाहेरच्या सालीकडे दाट आणि आत विरळ असतात, त्यामुळे बाहेरची कमची सर्वांत चिवट. या दोन जिल्ह्यांत मुख्यतः मानवेल आढळतो. कोरड्या डोंगरउतारावर तो जवळजवळ भरीव होतो, म्हणूनच लाठ्यांना त्याची पसंती. त्याच्या जोडीला नदी-नाल्यांच्या काठाला काटेरी कटांग. पावसाळ्यात जमिनीतून निघालेला कोंब दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो आणि नंतर जाडीने वाढतच नाही. पुढची दोन-तीन वर्षं तो फक्त आतून पक्का होत राहतो. काड्यांसाठी याहून चांगलं काय हवं?

या बांबूचा इथला इतिहास मात्र वेगळ्याच वाटेने गेला. बल्लारपूरच्या कारखान्याने दशकानुदशकं त्याचा लगदा करून कागद केला. वनहक्क कायद्याने, २००६ मध्ये, बांबूला गौण वनोपज मानलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि एप्रिल २०११ मध्ये आपल्या जंगलातला बांबू विकण्यासाठीचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश त्यासाठी गावात आले होते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या लढ्याशी कायमची जोडली गेली आहेत. इथल्या माणसाला रानातल्या बांबूची काडी मोकळेपणाने विकता यावी म्हणून किती वर्षं झगडावं लागलं, हे आठवलं की बांबूच्या साध्या वस्तूकडेही मी आदराने पाहतो. आज चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात तरुण मुलंमुली बांबूपासून नवनव्या वस्तू करायला शिकतात.

काड्यांनी जेवणारी माणसं पाहायला मात्र चीनला जायची गरज नाही. गडचिरोलीच्या उत्तर सीमेला लागून गोंदिया जिल्हा आहे. तिथे अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या परिसरात, गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. १९७२ मध्ये ती वसली, तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. बारा-चौदा हजार फुटांवरच्या थंड पठारावरून निघालेली माणसं उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या, धान पिकवणाऱ्या मुलखात स्थिरावली. हिवाळ्यात शहरांमध्ये स्वेटर विकणारे तिबेटी आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत. त्यांच्यातल्या काहींचं घर या झाडीपट्टीत आहे.

तिबेटी जेवण म्हणजे या सगळ्या गोष्टीचा चालता-बोलता पुरावा. त्यांचं जुनं मुख्य अन्न त्सांपा, भाजलेल्या जवाचं पीठ. वाडग्यात लोण्याच्या खारट चहात ते बोटांनी कालवतात, मुठीत दाबून गोळा करतात आणि हाताने खातात. आपला सातू खाणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. आणि तीच माणसं थुक्पा, म्हणजे शेवयांचा रस्सा, आला की काड्या उचलतात, शेवया त्यांनी खातात आणि उरलेला रस्सा वाडगा ओठांना लावून पितात. मोमो पुन्हा हाताने. एकाच घरात, एकाच दिवसात, हात आणि काड्या दोन्ही, आणि ठरवणारा एकच: समोर आलेला पदार्थ. तिबेट-मंगोलियाकडचे प्रवासी तर कमरेला एकच म्यान लावत, त्यात सुरी आणि काड्यांचा जोड शेजारी शेजारी. भाजलेलं मांस कापायला सुरी, शिजलेलं उचलायला काड्या.

काड्यांभोवती शिष्टाचारही दाट आहे. त्यातला एक इथल्या माणसाला विशेष कळेल. भाताच्या वाडग्यात काड्या उभ्या खोचून ठेवणं चीन-जपानमध्ये फार अशुभ मानतात, कारण मृतांपुढे अगरबत्त्या तशा उभ्या लावतात. आणि आपल्या बांबूच्या काडीचा आज एक मोठा ग्राहक कोण? अगरबत्तीच. भारत या गोल काड्या बरीच वर्षं चीन आणि व्हिएतनाममधून आणत होता. जून २०२० मध्ये सरकारने त्यांच्यावरचं आयात शुल्क २५ टक्क्यांवर नेलं, म्हणजे देशातल्या बांबूला वाव मिळावा. गडचिरोलीत वनविभागाने गावोगावच्या महिलांना घेऊन अगरबत्तीची केंद्रं चालवली. जपानमध्ये एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देणंही टाळतात, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलल्या जातात. दोन्ही नियम मृत्यूशी जोडलेले आहेत. आपल्याकडे पानावरच्या पिंडदानाचे नियम आठवले तर अन्न आणि मृत्यू यांची ही गाठ परकी वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मन अस्वस्थ करते. एकदा वापरून फेकायच्या लाकडी काड्या चीनमध्ये वर्षाला अब्जावधी जोडांनी तयार होतात, आणि त्यासाठी झाडं पडतात. म्हणून २००६ मध्ये चीनने त्यांच्यावर ५ टक्के कर लावला. पत्रावळीकडे या नजरेने पाहिलं तर तिचं मोल कळतं: पळसाचं पान तोडलं तरी झाड उभं राहतं, आणि जेवण झाल्यावर पान आणि टाचणीची काडी दोन्ही मातीत जिरतात.

कुणाला करून पाहायचं असेल तर तीन वर्षांचा पक्का मानवेल घ्यावा. गाठी वगळून मधल्या पेराची बाहेरची कमची काढावी, सुमारे २३ सेंटिमीटरच्या दोन काड्या तासाव्यात, वरचा भाग चौकोनी ठेवावा म्हणजे बोटांत फिरत नाही, टोक गोल करावं आणि थोडं खरबरीतच राहू द्यावं. गुळगुळीत टोकावरून दाणा सटकतो. धार बोटाला लागू नये म्हणून सगळीकडून काचेच्या तुकड्याने खरवडावं. सुरुवात पातोडीपासून करावी, मग चिरून शिजवलेल्या वास्त्यांची भाजी, मग उकडलेले हरभरे. एचएमटीच्या मोकळ्या भाताला शेवटी हात घालावा, तोही वाडगा उचलून. आंबील आली की काड्या बाजूला ठेवून दोनाच उचलावा.